एक पट्टी, दोन दंड
वऱ्हाडातले बाळंतपण, व्यायाम आणि रक्तदाब : एका सल्ल्याचा इतिहास

अमरावतीत जुन्या पिढीच्या माणसाला "जन्म कुठला?" म्हणून विचारावे, तर पुष्कळदा उत्तर येते, "डफरीनचा." अकोल्यात हाच प्रश्न विचारला तर "लेडी हार्डिंगचा." दोन्ही शहरांतली ही सरकारी स्त्री रुग्णालये. पाटीवर 'जिल्हा स्त्री रुग्णालय' असले, तरी ऑटोवाल्याला जुनेच नाव सांगितलेले बरे पडते. शंभरेक किलोमीटरच्या अंतरात दोन व्हाइसरॉयांच्या दोन पत्नींची नावे वऱ्हाडातल्या बाळंतपणाला अशी चिकटून बसली आहेत.

नावांइतकाच चिवट आहे तो गरोदर बाईला मिळणारा सल्ला. दवाखान्याच्या बाकावर आणि घरच्या ओसरीवर पिढ्यान्‌पिढ्या एकच शब्द ऐकू येतो : आराम. या शब्दाचा इतिहास शोधावा असे मला का वाटले, ते आधी सांगते.

गेल्या हिवाळ्यात भाचीला घेऊन पूर्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी तपासणीला गेले होते. महिन्याची ९ तारीख होती. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात २०१६ पासून या तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायांची मोफत तपासणी होते, त्यामुळे बाक गच्च भरला होता. भाचीला पाचवा महिना. उंची पाच फूट एक इंच, वजन ८२ किलो. तिच्या शेजारी वेचणीचा खाडा करून आलेली एक बाई बसली होती. सातवा महिना, वजन ४३ किलो. सिस्टरबाईंनी दोघींच्या दंडाला एकामागून एक तीच पट्टी गुंडाळली. भाचीचा रक्तदाब भरला १४६/९४. त्या बाईचा ९८/६०. दोघींना सांगितले, "वज्जं उचलाचं नाही. आराम कराचा."

भाची म्हणाली, "घरी सासूबाई तशाही हलू देत नाहीत." दुसरी हसली. "मंग कापूस कोन येचन वो ताई?"

सिस्टरबाईंचा दोष नव्हता. त्यांच्यापुढे अजून साठ बाया होत्या. पण एकाच शब्दात दोन बायांची बोळवण झाली होती, आणि मला वाटत राहिले की तो शब्द मुळात दोघींपैकी एकीसाठीच घडला असावा.

ग्रंथांतला निषेध, घरातली सोय

गरोदरपणातल्या पथ्यांचा सर्वांत जुना लेखी ठेवा म्हणजे चरक आणि सुश्रुत यांच्या संहितांमधली शारीरस्थाने. सुश्रुताने गर्भ राहिल्यापासून ज्या गोष्टी टाळायला सांगितल्या, त्यांत व्यायाम आहे, उपास आहे, रात्रीचे जागरण आहे, गाडीघोड्यावरून जाणे आहे. आजीच्या तोंडी असलेली यादी इथूनच झिरपत आली असणार. पण त्याच यादीत दिवसाची झोपही आहे, आणि ती मात्र आपण सोयीने विसरलो. चरकाने याहून पुढे जाऊन सांगितले की नेहमी झोपून राहणाऱ्या गर्भिणीचे मूल सुस्त, मंदबुद्धी आणि मंदाग्नी होते. सदा गोड खाणारीचे मूल प्रमेही, मुके किंवा अतिस्थूल होते. यातले मुकेपण आज कोणी मान्य करणार नाही. पण आईच्या ताटातले गोड आणि मुलाचा लठ्ठपणा व मधुमेह यांची सांगड कोणी दोन हजार वर्षांपूर्वी घातली होती, हे वाचून थबकायला होते.

चरकाच्या सूत्रस्थानात एकविसावा अध्याय आहे तो शरीराच्या आठ निंद्य प्रकारांचा. त्यात अतिस्थूल आणि अतिकृश हे दोघे समोरासमोर येतात. स्थूलाला व्यायाम आणि जागरण, कृशाला विश्रांती आणि झोप, असा सरळ विभागलेला उपचार तिथे आहे. म्हणजे शरीर पाहून सल्ला बदलावा हे तत्त्व ग्रंथाला ठाऊक होते. मात्र गर्भिणीच्या प्रकरणात सगळ्या गर्भिणी एकाच रांगेत बसतात. स्थूल गर्भिणीने व्यायाम करावा की करू नये, हा प्रश्न या दोन अध्यायांच्या मधल्या फटीत पडून राहिला.

आनंदीबाई जोशी यांनी १८८६ साली फिलाडेल्फियात एम. डी. साठी जो प्रबंध लिहिला, त्याचा विषयच आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र असा होता. या ग्रंथांकडे आधुनिक वैद्यकाच्या दारात उभे राहून पाहणारी ती पहिली मराठी डॉक्टर स्त्री. त्या वेळी तिच्या महाविद्यालयातही गरोदर बाईचा रक्तदाब मोजायचे साधन नव्हते. ते यायला अजून दहा वर्षे होती.

विश्रांती हा हक्क कसा झाला

वऱ्हाडातल्या बाईच्या अंगाला व्यायाम कमी पडतो, असे एकोणिसाव्या शतकात कोणी म्हटले असते तर लोकांनी त्याला वेड्यात काढले असते. पहाटे जाते, मग विहिरीचे पाणी, मग शेत. आश्विनापासून पुढे कापसाची वेचणी. कमरेला ओटी बांधून वाकत वाकत पात धरायची, आणि संध्याकाळी गाठोडे डोक्यावर घेऊन मालकाकडे मोजायला न्यायचे. वऱ्हाड १८५३ च्या तहाने इंग्रजांच्या कारभाराखाली गेला, अमेरिकेतल्या यादवी युद्धाने १८६० च्या दशकात कापसाला सोन्याचा भाव आणला, आणि १८६७ पर्यंत मुंबई-नागपूर रेल्वे अकोला-बडनेऱ्यावरून धावू लागली. मग जिन आले, प्रेस आले. सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रांपुढे रुईच्या धुरळ्यात बायाच उभ्या होत्या, आणि त्यांत दोन जिवांच्याही होत्या.

या बायांसाठी विश्रांती ही मागून मिळवायची गोष्ट होती. ना. म. जोशी यांनी १९२४ साली मध्यवर्ती कायदेमंडळात प्रसूती रजेचे विधेयक मांडले, ते मंजूर झाले नाही. मुंबई कायदेमंडळात १९२८ साली असेच विधेयक आले तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला, आणि १९२९ साली मुंबई इलाख्यात प्रसूती लाभाचा कायदा झाला. पाठोपाठ १९३० साली मध्यप्रांतात झाला. सबंध देशासाठी कायदा यायला १९६१ उजाडले. २०१७ पासून ही रजा २६ आठवड्यांची आहे.

हा सगळा लढा कष्टकरी बाईच्या थकलेल्या शरीराकडे पाहून लढला गेला, आणि तो योग्यच होता. २००० साली अमेरिकेतल्या संशोधकांनी २९ अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा अंगमेहनतीचे काम करणाऱ्या गरोदर स्त्रियांत अपुऱ्या दिवसांची बाळंतपणे, कमी वाढीची बाळे आणि वाढलेला रक्तदाब यांचे प्रमाण जास्त दिसले. आपल्याकडचा पुरावा पुण्याजवळच्या खेड्यांतला आहे. के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये तिथे गरोदर मातांचा मोठा अभ्यास सुरू केला. त्यातून २००३ साली निघालेला एक निष्कर्ष असा की शेतातले आणि घरातले जड काम जितके जास्त, तितके बाळ लहान. त्या माता मुळातच बारीक होत्या. पोटात जाणारे अन्न कमी आणि खर्च होणारे बळ जास्त, या वजाबाकीत बाळाचा वाटा कमी होत होता.

तेव्हा वेचणीच्या बाईला दिलेला आरामाचा सल्ला शास्त्राला धरूनच आहे. अडचण इतकीच की तिच्यापर्यंत सल्ला पोचतो, रजा पोचत नाही. कायदा आस्थापनेतल्या नोकरीला लागू होतो. दुसऱ्याच्या वावरात रोजाने किंवा किलोवर कापूस वेचणाऱ्या बाईची आस्थापना कोणती? २०१७ पासून मातृवंदना योजनेचे पाच हजार रुपये आहेत, पण एवढ्यावर हंगाम सोडून घरी बसता येत नाही.

रक्तदाबाचा शोध आणि अंधारी खोली

आता डफरीनकडे वळू. लेडी डफरीन यांच्या नावाचा निधी १८८५ साली सुरू झाला. परपुरुषाकडून तपासून घ्यायला तयार नसलेल्या हिंदी स्त्रियांसाठी स्त्री डॉक्टर, परिचारिका आणि सुइणी तयार करणे, त्यांच्यासाठी स्वतंत्र दवाखाने काढणे, हा त्याचा हेतू. देशभर या नावाचे दवाखाने उभे राहिले. लेडी हार्डिंग त्यांच्यानंतरच्या, १९१० मध्ये आलेल्या व्हाइसरॉयांच्या पत्नी.

निधी सुरू झाला तेव्हा बाळंतपणातल्या झटक्यांचे कारण कोणालाच नीट माहीत नव्हते. धडधाकट दिसणारी बाई, पायांवर आणि तोंडावर सूज, मग डोके दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी, आणि एकाएकी झटका. खेड्यात याला बाहेरची बाधा म्हणत. लंडनच्या गाय्ज रुग्णालयात जॉन लिव्हर यांनी १८४३ साली झटके येणाऱ्या बायांच्या लघवीत प्रथिन सापडल्याचे नोंदवले, हा पहिला धागा. दुसरा धागा हाती यायला पट्टी लागली. इटलीत तुरीन येथे शिपिओने रिव्हा-रोच्ची यांनी १८९६ साली दंडाभोवती फुगवायची रबरी पट्टी आणि पाऱ्याची नळी जोडून रक्तदाब मोजायचे सुटसुटीत यंत्र केले. पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये वाकेझ आणि नोबेकूर यांनी ते झटक्यांच्या रुग्णांना लावले, आणि त्यांचा रक्तदाब चढलेला आढळला. १९०५ साली रशियन डॉक्टर निकोलाय कोरोत्कोव्ह यांनी पट्टीखाली स्टेथोस्कोप ठेवून नाडीचे आवाज ऐकायची रीत दाखवली. आज दवाखान्यात सिस्टर कानाला नळ्या लावते ती हीच.

कारण दिसू लागले, तरी उपाय सापडला नव्हता. त्याच सुमारास सेंट पीटर्सबर्गच्या स्ट्रोगानोव्ह यांनी झटक्यांच्या रुग्णाला अंधाऱ्या, शांत खोलीत ठेवून गुंगीची औषधे द्यायची पद्धत रूढ केली. उजेड नको, आवाज नको, हालचाल नको. ही खोली पुढे अनेक दशके जगभरच्या प्रसूतिगृहांत राहिली, आपल्याकडेही राहिली. अत्यवस्थ रुग्णासाठी असलेली ही शांतता हळूहळू बाहेर पसरली. ज्यांचा दाब नुसता वाढला होता त्यांना खाट मिळाली. ज्यांचा वाढू शकेल असे वाटले त्यांनाही खाटच सांगितली गेली. जोडीला 'मीठ बंद'.

झटक्यांवरचा खरा उपाय निघाला मॅग्नेशियम सल्फेट. ते वापरात जुने होते, पण १९९५ साली अनेक देशांत मिळून झालेल्या चाचणीने ते इतर औषधांपेक्षा सरस असल्याचे सिद्ध केले. २००२ च्या मॅगपाय चाचणीत ३३ देशांतल्या दहा हजारांवर स्त्रिया होत्या. तिने दाखवले की दाब चढलेल्या गर्भिणीला हे वेळेवर दिले, तर झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी होतो. महाराष्ट्रात लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू २००४-०६ मध्ये १३० होते, ते २०१८-२० मध्ये ३३ वर आले. यात दवाखान्यातली बाळंतपणे, रक्तपेढ्या, १०८ ची गाडी, आशाताई असे पुष्कळ हात आहेत, आणि या इंजेक्शनाचाही आहे.

आणि खाट? जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली या विकारावरच्या शिफारशी काढल्या, त्यांत स्पष्ट म्हटले की रक्तदाब वाढू नये म्हणून घरी आराम करण्याचा सल्ला द्यायला पुरेसा आधार नाही. दाब वाढलेल्या बाईलाही सक्तीने झोपवून ठेवण्याची शिफारस नाही. मीठ तोडण्याचीही नाही. जिथे आहारात कॅल्शियम कमी तिथे ते द्यावे, आणि जास्त धोका असलेल्या स्त्रीला डॉक्टरांनी कमी मात्रेत ॲस्पिरिन सुरू करावे, एवढे मात्र आहे.

मिठाचा विषय निघाला म्हणून पूर्णाकाठच्या पाण्याबद्दल दोन शब्द. अमरावती, अकोला, बुलडाणा या जिल्ह्यांतून गेलेला खारपाणपट्टा वऱ्हाडी माणसाला सांगायला नको. तिथल्या विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही. बांगलादेशच्या किनाऱ्यावर दाकोप भागात अशाच खाऱ्या पाण्यावर जगणाऱ्या गरोदर स्त्रियांचा अभ्यास झाला, तेव्हा पाण्यातला खार आणि गरोदरपणातला वाढलेला रक्तदाब यांचा संबंध ठळक दिसला. मीठ तोडायला सांगण्याआधी बाई पाणी कुठले पिते, हे आपल्याकडच्या दवाखान्यातही विचारले जावे.

आखाड्याच्या गावात

ज्या काळात डफरीनच्या खाटा भरत होत्या, त्याच काळात अमरावतीत दुसरी एक चळवळ उभी राहत होती. अंबादासपंत आणि अनंत वैद्य या बंधूंनी १९१४ साली हनुमान आखाडा सुरू केला. त्यातून श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ वाढले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या पथकाने तिथे कबड्डी आणि इतर देशी खेळांची प्रात्यक्षिके केली, हे अमरावतीकर अजून अभिमानाने सांगतात. आज मंडळाच्या महाविद्यालयात मुलीही शिकतात.

महाराष्ट्रात इतरत्रही व्यायामाचा विचार जोरात होता. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्काराचा प्रचार करत होते, स्त्रियांनीही ते घालावेत असा त्यांचा आग्रह होता आणि राणीसाहेब स्वतः घालत. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम काढले, आणि 'योगमीमांसा' या नियतकालिकातून आसने करताना रक्तदाबाचे काय होते याचे मोजमाप प्रसिद्ध केले. रिव्हा-रोच्चीची पट्टी व्यायामाच्या अभ्यासासाठी मराठी मुलखात अशी पोचली. आसने करणाऱ्यांच्या दंडाला ती लागली, पण गरोदरपणात हलणाऱ्या-चालणाऱ्या बाईच्या दंडाला लागायला फार काळ जावा लागला. व्यायामाची भाषा बलाची आणि राष्ट्राची होती. त्यातली स्त्री ही सुदृढ मुलाची भावी माता होती, आणि प्रत्यक्ष गरोदर राहिली की ती आखाड्याच्या हद्दीतून दवाखान्याच्या हद्दीत जाई.

तिकडे पश्चिमेतही फार वेगळे नव्हते. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९८५ साली गरोदरपणातल्या व्यायामाची पहिली नियमावली काढली. हृदयाचे ठोके मिनिटाला १४० च्या वर जाऊ देऊ नयेत आणि दमवणारा व्यायाम पंधरा मिनिटांपलीकडे नेऊ नये, असे तिने सांगितले. आकडा सावधगिरीचा होता, त्यामागे ठोस मोजमाप नव्हते. १९९४ साली ठोक्यांची मर्यादा काढून टाकली. २००२ साली तब्येत ठीक असलेल्या गर्भिणीने बहुतेक दिवशी अर्धा तास मध्यम व्यायाम करावा अशी शिफारस आली. २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेनेही आठवड्याला दीडशे मिनिटे सांगितली. म्हणजे 'करू नका' पासून 'करा' पर्यंत यायला पस्तीस वर्षे लागली.

वजनदार बाईचा प्रश्न

या पस्तीस वर्षांत वऱ्हाडातही घरे बदलली. जात्याची जागा गिरणीने घेतली, विहिरीची नळाने, पायवाटेची स्कुटीने. ज्वारीची भाकरी मागे पडून गहू आला, जवसाच्या चटणीच्या जोडीला गिला वडा रोजचा झाला. ज्या घराला परवडले त्या घरातून बाईचे कष्ट गेले, आणि ते जायलाच हवे होते. पण तिच्या पथ्याची यादी जुनीच राहिली. जात्यावर बसणाऱ्या बाईला 'दोन जिवांचे खा, टेकून बस' म्हणणे ही माया होती. दिवसभर टेकूनच असलेल्या बाईला तेच म्हणणे ही सवय आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या सुमारे २१ टक्के स्त्रिया प्रमाणापेक्षा बारीक आणि सुमारे २३ टक्के प्रमाणापेक्षा वजनदार निघाल्या. एकाच राज्यात दोन्ही टोके जवळपास सारखी. अमरावती जिल्ह्यात ही टोके डोळ्यांना दिसतात. धारणी-चिखलदऱ्याचा मेळघाट कुपोषणासाठी तीस वर्षे बातम्यांत आहे, आणि त्याच जिल्ह्याच्या शहरी दवाखान्यांत ८० किलोच्या गर्भिणी नवलाच्या राहिलेल्या नाहीत.

शिवाय आपले वजन फसवे आहे. डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये दोघांचा शेजारी उभे असलेला फोटो छापला. दोघांचा वजन-उंचीचा निर्देशांक एकच, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. पुण्याजवळच्या त्या खेड्यांतली बाळेही अशीच निघाली. वजन सरासरी २.७ किलो, इंग्रज बाळांपेक्षा कितीतरी कमी, पण चरबी त्या मानाने राखलेली. म्हणून हिंदी माणसासाठी जादा वजनाची रेषा २५ ऐवजी २३ वर धरावी असे तज्ज्ञांनी २००९ साली ठरवले. इकडे निर्देशांक पाच ते सात अंकांनी वाढला की गरोदरपणातल्या गंभीर रक्तदाबाचा धोका साधारण दुप्पट होतो, असे २००३ सालच्या एका मोठ्या आढाव्यात दिसले होते. माझ्या भाचीचा निर्देशांक ३४ होता.

तेव्हा जादा वजनाच्या गर्भिणीने व्यायाम केला तर दाब आटोक्यात राहतो का? याचे उत्तर उत्साहाने देऊन चालत नाही. ऑस्ट्रेलियात २,२१२ आणि ब्रिटनमध्ये १,५५५ वजनदार गर्भिणींना आहार-व्यायामाचे मार्गदर्शन करून पाहिले. २०१४ आणि २०१५ साली निष्कर्ष आले, तेव्हा मुख्य हेतू साधलेला नव्हता. नुसते सांगून फारसे काही होत नाही, एवढे त्यातून कळले.

जिथे प्रत्यक्ष व्यायाम करून घेतला तिथले चित्र निराळे आहे. नॉर्वेत त्रोन्हाइम येथे ९१ वजनदार गर्भिणींवर झालेली छोटी चाचणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. आठवड्यातून तीन वेळा देखरेखीखाली पस्तीस मिनिटे चालणे आणि पंचवीस मिनिटे स्नायूंचे व्यायाम. दिवस भरत आल्यावर व्यायामाच्या गटाचा वरचा दाब सरासरी १२०, दुसऱ्या गटाचा १२८. गंमत म्हणजे दोन्ही गटांची वजनवाढ जवळपास सारखीच होती, आणि ठरलेला व्यायाम निम्म्याच जणींनी नेमाने केला होता. म्हणजे काटा हलला नाही तरी रक्तवाहिन्या सैलावल्या. बीजिंगमध्ये ३०० वजनदार गर्भिणींपैकी ज्यांनी दवाखान्यातल्या स्थिर सायकलवर व्यायाम केला, त्यांच्यात गरोदरपणातला मधुमेह २२ टक्के दिसला, न करणाऱ्यांत ४०.६ टक्के. बंगळुरूत ३३५ गर्भिणींच्या २००५ सालच्या अभ्यासात योगासने करणाऱ्या गटात रक्तदाबाच्या तक्रारी कमी होत्या. कॅनडातल्या संशोधकांनी २०१८ साली सर्व वजनांच्या स्त्रियांवरचे उपलब्ध अभ्यास एकत्र केले, तेव्हा नुसत्या व्यायामाने गरोदरपणातल्या रक्तदाबाची शक्यता ३९ टक्क्यांनी घटलेली दिसली. त्यासाठी लागणारा व्यायाम म्हणजे आठवड्याला साधारण १४० मिनिटे भरभर चालणे. दिवसाला वीस मिनिटे.

किती भरभर? चालताना बोलता यावे, गाणे म्हणता येऊ नये, अशी खूण आता डॉक्टर सांगतात. सुश्रुताने चिकित्सास्थानात व्यायाम अर्ध्या बळाने करावा असे सांगून खूण दिली आहे ती श्वास तोंडाशी येण्याची. दोन्ही खुणा एकाच शरीराकडे बघून सुचलेल्या आहेत. अर्थात रक्तस्राव होत असेल, वार खाली असेल, दाब गंभीर चढला असेल किंवा डोके दुखून डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर चालायला नव्हे, दवाखान्यातच जायचे.

पट्टीची रुंदी

या इतिहासातली एक बारीक गोष्ट मी शेवटासाठी ठेवली आहे. रिव्हा-रोच्चीची मूळ पट्टी जेमतेम पाच सेंटिमीटर रुंद होती. १९०१ साली जर्मन डॉक्टर फॉन रेक्लिंगहाउझेन यांनी दाखवून दिले की अरुंद पट्टी दाब खोटाच चढा दाखवते, आणि त्यांनी बारा सेंटिमीटरची पट्टी केली. जाड दंडाला लहान पट्टी लावली की आकडा फुगतो. बारीक दंडाला मोठी लावली की तो खाली येतो. हे कळून सव्वाशे वर्षे होत आली.

त्या ९ तारखेला भाचीचा १४६ चा आकडा बघून डॉक्टरबाईंनी सिस्टरना विचारले, मोठी पट्टी आहे का. ती कपाटातून निघाली. पंधरा मिनिटे बसवून पुन्हा मोजले, तर दाब भरला १३४/८४. काळजीचाच, पण वेगळ्या काळजीचा. ॲस्पिरिनची गोळी अगोदर सुरू होतीच. रोज चालायला सांगितले, आणि ताटातला भात कमी.

बाहेर येऊन बघितले तर ती वेचणीवाली बाई निघून गेली होती. तिच्या दंडाला लहान पट्टी लावून दाब पुन्हा मोजावा, असे कोणाच्या मनात आले नाही, माझ्याही आले नाही. तिच्या ९८ चे खरे काय होते, आणि त्या हंगामात तिने किती दिवस वेचणी केली, हे मला सांगता येणार नाही.

भाची माहेरी अमरावतीला आली ती सातव्या महिन्यात. डोहाळजेवणाला तिच्या सासूबाई आल्या, तेव्हा लाडूंचा डबा बाजूला ठेवून मी त्यांना छत्री तलावावर घेऊन गेले. सूर्य कलला होता. भाची पुढे, आम्ही दोघी मागे. त्या थोडा वेळ गप्प चालल्या. मग म्हणाल्या, "माह्या बाळंतपणात मी रोज दोन खेपा पाणी आणत होती. म्हणून हिले बसोलं होतं." पुढे भाची थांबून आमची वाट बघत होती. तिला दम लागला नव्हता.